गुलाबी तीर्थ

बाटलीवरचा कागद न फाडता अख्खा सोलून काढायची माझी एक पद्धत होती. पातेल्यात कोमट पाणी घ्यायचं, बाटली आडवी बुडवायची आणि तोवर कुकर लावून घ्यायचा. तिसऱ्या शिटीपर्यंत कागदाचा कोपरा सुटलेला असायचा. मग नखाने हळूहळू सरकवत आणलं, की कागद सालीसारखा हातात. त्याचे बारीक तुकडे करून केराच्या पिशवीत, कांद्याच्या सालींखाली टाकायचे. वर थोडा चहाचा चोथा. एखाद्या चोराने येऊन शिकवणी लावावी इतकं सफाईचं काम.

आणि लपवायचं काय, तर माझ्या सात वर्षांच्या लेकीला फिट येत होत्या, आणि ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. बस, एवढंच.

त्या बत्तीस वर्षांच्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझीच, आठवण झाली की मला आधी हसू येतं, आणि लगेच तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. बी.ए. झालेली बाई. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून तावातावाने बोलणारी. मुलीच्या लग्नाची काळजी तिला मुलीचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून. दर बाटलीला कागद काढला तिने, पण त्यावर काय छापलंय ते एकदाही वाचलं नाही. वाचून काय करायचं? लपवायच्या गोष्टी कोणी वाचतं का!

ही नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही कोकणातून आधी मुंबईला आणि तिथून कोपरखैरण्याला आलेलो. दुसऱ्या मजल्यावर दीड खोली, पण नवीकोरी. खिडकीतून शेजारच्या बोनकोडे गावाची जुनी घरं दिसायची. यजमान तुर्भ्याला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. शेजारी सगळे आमच्यासारखेच, कुठून कुठून उठून आलेले, म्हणून एकमेकांना निरखायची सगळ्यांना फार हौस. समोरच्या दारात साताऱ्याकडची एक बाई राहायची. मनाने चांगली, पण विरजण मागायला आली की स्वयंपाकघरातली प्रत्येक बरणी डोळ्यांनी उघडून बघणार.

लेकीला पहिली फिट आली ती वह्यांना खाकी कव्हरं घालताना. कात्री हातातून पडली, मान एका बाजूला वळली आणि अंग ताठ होऊन झटके सुरू झाले. तेव्हा मी आधी काय केलं सांगू? आधी दाराला कडी घातली. मग लेकीकडे धावले. हा क्रम मी आजवर कोणाला सांगितला नव्हता. मग कांदा फोडून नाकाशी धरला, दातांत चमचा घातला, आणि त्यात तिच्या एका दाताचा टवका उडवला. यजमान म्हणत होते, "अगं, तोंडात काही घालू नकोस, गुदमरेल ती." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, खिडकी लावा आधी."

दोन-तीन मिनिटांत ती शांत झाली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला वाशीला लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. डोक्याला वायरी लावून तपासणी झाली, आणि एक औषध सुरू झालं. डॉक्टरबाई भराभर बोलायच्या. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेला द्यायचं, एकही वेळ चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही, दुसरं कुठलंही औषध देण्याआधी मला विचारायचं. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. मान हलवताना माझ्या डोक्यात चाललं होतं, की आता ही बाटली घरात ठेवायची कुठे.

फडताळात ठेवली तर शेजारीण बघणार. कपाटात ठेवली तर नणंद आली की साड्या बघायला कपाट उघडणार. आणि मग मला ती युक्ती सुचली, जिच्यावर मी कित्येक दिवस खूश होते. देवघर! स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्लायवूडचा छोटा देव्हारा होता. गणपतीच्या मागे, गंगाजळाच्या गडूशेजारी ती नागडी बाटली ठेवली. देवाच्या मागे कोण हात घालतंय?

देवघरात ठेवली म्हटल्यावर बाटलीबरोबर आलेलं प्लास्टिकचं माप काही मला तिथे बरं दिसेना. प्लास्टिक, ते देवापाशी? ते मी लेकीला भातुकलीत देऊन टाकलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं "एक माप". माझ्याकडे पंचपात्रातली तांब्याची पळी होतीच. रोज सकाळी पूजा झाली की लेक हात जोडून उभी राहायची, मी पळीभर औषध तिच्या तोंडात सोडायची आणि म्हणायची, "घे, तीर्थ घे." संध्याकाळी दिवा लावल्यावर पुन्हा. वेळा कशा चुकतील? देवाच्या वेळा त्या. त्या बाबतीत मी घड्याळाला हरवलं असतं.

एकदा नेमकी शेजारीण दारात.

"वैनी, तुमच्यात तीर्थ गुलाबी असतंय?"

"केशर घालते त्यात."

"केशरानं गुलाबी हुतंय?"

"काश्मीरचं आहे."

"आणि हातावर न्हाई देत? डायरेक्ट तोंडात?"

"लहान आहे हो ती. सांडते."

शेजारणीने माझ्याकडे बघितलं, देवाकडे बघितलं आणि विरजणाची वाटी घेऊन गेली. मी दार लावून लेकीकडे बघत जिंकल्यासारखी हसले. लेक तोंड वाकडं करून जीभ पुसत होती.

आता खरी करामत ऐका. बाटली दोन दिवस हलली नाही की तळाशी घट्ट थर बसायचा. वर पातळ पाणी, खाली चिखल. आमच्या गावाकडे विहिरीचं पाणी कळशीत निवळत ठेवायचे आणि वरचं निवळशंख तेवढं हलक्या हाताने ओतून घ्यायचे. गाळ उठवणाऱ्या मुलीला आई टपली मारायची. मी तीच टपली खाऊन मोठी झालेली. त्यामुळे बाटली देवामागून काढताना मी ती अशी उचलायची, जशी काही भरल्या ताटातली समई. गाळ हलता कामा नये! वरचं स्वच्छ तेवढं पळीत घ्यायचं. माझ्या लेकीच्या पोटात गाळ कशाला जाऊ देऊ मी?

बाटली संपत आली की मात्र तो गाळच उरायचा. तेव्हा माझी दुसरी अक्कल जागी व्हायची. औषध वाया घालवायचं नाही. मग तोच गाळ पळी भरभरून द्यायचा, आणि शेवटी चमचाभर पाणी घालून, बाटली खळखळवून ते धुवणही पाजायचं. म्हणजे बाटली हलवायची, पण फक्त शेवटच्या दिवशी. वर पुन्हा माझी कुरकूर, की वीस दिवस पुरेल म्हणाले आणि सोळा-सतरा दिवसांतच कशी संपते? औषधवाल्यालाच चार शब्द सुनावून आले होते, की तुमच्या बाटल्या अर्धवट भरलेल्या असतात. तो बिचारा सीलबंद बाटली उलटसुलट करून बघत राहिला.

आणि फिट काही थांबल्या नाहीत. नवी बाटली उघडून सहा-सात दिवस झाले की एखादी यायची. आली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक फुली करायची. दोनदा फुली अमावास्येच्या आसपास पडली. झालं! मला मोठा शोध लागला.

"अहो, हे अमावास्येचं आहे."

यजमान बूट घालत होते. म्हणाले, "मग डॉक्टरला सांगूया, चंद्रालाच औषध द्या."

"तुम्हाला सगळी थट्टा सुचते."

"थट्टा नाही गं. तिसरी फुली बघ, चतुर्थीला आहे."

तिसऱ्या फुलीकडे मी दुर्लक्ष केलं.

त्या दिवसांत माझं कशात लक्ष लागायचं नाही. भाजी चिरता चिरता उठायची, लेक काय करतेय बघायची, परत यायची, सुरी कुठे ठेवली ते शोधायची. ती गप्प बसली की मला धस्स व्हायचं. ती हसली की वाटायचं, ही इतकी का हसतेय? मांडीवर घेऊन तिचे डोळे बघायची, तर ती म्हणायची, "आई, तू परत बघतेस." खिडकीतून गॅलरीत, गॅलरीतून दाराशी, दारातून पुन्हा खिडकीत. दीड खोलीत मी रोज कोसभर तरी चालत असेन.

आणि बाटलीच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत नवीनच प्रकार. फिट अजिबात नाही, पण लेक पेंगायची. जिना उतरताना कठड्याला धरायची. वहीतली अक्षरं ओळ सोडून खाली घसरायची. एकदा ताटातलं सगळं उलटून पडलं. मी म्हटलं, बरं आहे, फिट तर नाही ना! झोप येतेय म्हणजे औषध लागू पडतंय. अशी मी समाधानी.

मग शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तिला फिट आली. मी पोचेपर्यंत ती बाकावर आडवी होती आणि चार शिक्षिका तिच्याभोवती. मी जाताच जाहीर केलं, "उपाशी आली होती. चक्कर आली असेल." लेकीच्या वर्गबाईंनी मुख्याध्यापिकांकडे बघितलं. मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं.

"चक्कर नव्हती ती. आम्ही बघितलंय," त्या म्हणाल्या. "औषध चालू आहे का?"

"औषध? तसं काही नाही. टॉनिक देते."

"हे बघा, मागच्या आठवड्यात ती जिन्यात दोनदा पडली. उद्या डोक्याला लागलं तर? डॉक्टरांचं पत्र आणा, की शाळेत यायला हरकत नाही आणि असं झालं तर आम्ही काय करायचं. तोवर तिला घरीच ठेवा."

घरीच ठेवा! लेक बाहेर बाकावर बसून ऐकत होती. घरी येईपर्यंत माझा पदर धरून चालली. जिन्यात म्हणाली, "आई, माझी जागा दुसऱ्या कोणाला देतील का?" खिडकीजवळची जागा होती तिची, पहिल्या रांगेतली. मी म्हटलं, "कोण देतंय? मी आहे ना!" हे सगळं कोणामुळे चाललंय, ते अजून मलाच कळलं नव्हतं.

पत्र आणायचं ठरवलं, आणि माझी लबाडी तिथेही सुरू. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं तर त्या पत्र देणार नाहीत, असं माझं गणित. तेव्हा एखाद-दुसरी फिट येते एवढंच सांगायचं; डुलणं, पेंगणं, पडणं काही काढायचं नाही.

आज-उद्या करत आठवडा गेला, आणि निघायच्या दिवशी खाली फाटकाशी बोनकोड्याची भाजीवाली मावशी पाटी घेऊन बसली होती. तिची स्वतःची जमीन होती एके काळी, आता त्यावर इमारती उभ्या होत्या. पण परसात मेथी, माठ लावायची आणि हौसेने विकायची. सगळ्यांना अरेतुरे. बाटली नुकतीच संपत आली होती, त्यामुळे लेक माझा हात धरून एका अंगाला कलत चालत होती.

"काय गो बाय, पोरगी आज पन डुलते?"

"आज पन म्हणजे?"

"गेल्या महिन्यात अशीच डुलत व्हती. मंग बरी झाली. आता परत. डोले बघ तिचे, कसे नाचतान."

मी लेकीला म्हटलं, "इकडे बघ." तिने बाजूला नजर नेली, आणि खरंच, बुबुळं टकटक टकटक उडत होती. रोज पन्नास वेळा तिचे डोळे बघणारी मी. मला दिसलं नव्हतं.

"औषध काय देतस तिला?"

"कसलं औषध? काही नाही."

"माज्याशी नको बोलू खोटं. तुजीच पोरगी सांगते, आई देवाचं कडू तीर्थ पाजते." मावशी हसली नाही. माठाची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "माज्या भावाला व्हतं यो. औषध जास्ती झालं का असाच डुलायचा, दारू प्यायल्यावानी. तू डाक्टरीनकं चालली ना? बाटली घेऊन जा. आनि तोंड उघडून सांग."

"बाटली कशाला?"

"ने म्हनलं ना! जा वर, मी बघते पोरीला."

मी वर गेले, देवामागून बाटली काढली, रुमालात गुंडाळून पिशवीत तळाशी घातली. बाटली घेतली खरी, पण तोंड उघडायचं मी अजून ठरवलं नव्हतं. रिक्षात सबंध वाटभर पिशवी मांडीवर, लेक खांद्यावर झोपलेली, आणि मी मनातल्या मनात डॉक्टरबाईंशी बोलतेय. हे सांगू, ते नको. हे हळूच सांगू. नको, नकोच.

दवाखान्यात गर्दी होती. नंबर आला तेव्हा लेक माझ्या कुशीत गाढ झोपलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "झोपू द्या. आई, तुम्ही सांगा. फिट येतात अजून?"

"येतात मधून मधून."

"किती?"

"महिन्यातून एक. कधी दोन."

"औषध चुकत नाही ना?"

"छे! एकही वेळ नाही." हे निदान खरं होतं.

"मापाने देता? बाटली हलवून?"

"हो हो," मी म्हटलं. दोनदा म्हटलं. तोंडातून आपसूक आलं ते, हळदीकुंकवाला पाय दाराकडे असताना 'बसते की' म्हणावं तसं.

"मग डोस कमी पडतोय," असं म्हणून त्यांनी कागद पुढे ओढला. "थोडा वाढवूया."

पेन चालायला लागलं. मी त्या पेनाकडे बघत होते. पत्र मिळणार होतं, काम झालं होतं, उठायचं तेवढं बाकी होतं. आणि खांद्यावर लेकीचं डोकं इतकं जड लागत होतं, की सात वर्षांच्या मुलीचं डोकं एवढं जड नसतं. वाढवूया म्हणजे याहून जास्त. मावशीचा भाऊ माझ्या डोळ्यांसमोरून डुलत गेला.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "लिहू नका."

पेन थांबलं.

"ती डुलते. पडते. डोळे उडतात तिचे. आणि बाटली मी हलवत नाही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. लेकीला उठवलं, फरशीच्या रेघेवरून एका पावलाला दुसरं पाऊल लावत चालायला सांगितलं. तिसऱ्याच पावलाला ती टेबलावर आदळली असती, बाईंनी धरली. मग बोट डावीकडे-उजवीकडे नेऊन डोळे बघितले.

"हे कधीपासून?"

"बाटली संपत आली की होतं."

"आणि फिट?"

"नवी उघडली की, आठवड्याभराने."

त्या एकदम ताठ बसल्या. "बाटली आणलीय?"

मी रुमाल सोडला.

"कागद कुठे गेला यावरचा?"

"निघाला."

"आपोआप?"

लेक डोळे चोळत म्हणाली, "आई कोमट पाण्यात बुडवते. कुकरच्या बाजूला. आणि मला देवासमोर पळीने देते."

"कशाने?"

"पळीने. तीर्थाच्या."

डॉक्टरबाईंनी बाटली माझ्या हातातून घेतली. हसावं की ओरडावं हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्या ओरडल्या. चांगल्या ओरडल्या. बाहेर बसलेल्या आयांनी आपापली मुलं जवळ ओढली असतील. मग त्यांनी शिल्लक बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. तळाशी बोटभर घट्ट थर.

"हा गाळ नाही. हेच औषध आहे. वरचं नुसतं गोड पाणी. हलवल्याशिवाय ते एकसारखं होत नाही. कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा. म्हणजे पहिले आठ-दहा दिवस तुम्ही मुलीला पाणी पाजत होतात, म्हणून फिट. आणि शेवटी सगळं औषध एकदम, म्हणून हे डुलणं. आणि त्यात मी डोस वाढवणार होते!"

त्यांच्या कपाटात एक माप होतं. माझी पळी साधारण केवढी ते मी बोटांनी दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही मापापेक्षा जास्तच देताय दर वेळी. सोळा दिवसांत संपणारच ती." मला औषधवाल्याचा चेहरा आठवला, आणि पिशवीत तोंड घालावंसं वाटलं.

"मग आजपासून बंदच करते," मी म्हटलं. माझा स्वभावच तसा, इकडून सुटले की तिकडे धावणारा.

"खबरदार! एकदम बंद केलंत तर फिटवर फिट येईल, थांबता थांबणार नाही. रक्तात औषध किती आहे ते तपासायला पाठवते. फक्त आज संध्याकाळची वेळ वगळा, ती मी सांगते म्हणून. उद्या मी सांगेन तेवढंच सुरू करायचं. तुमच्या मनाने ना वाढवायचं, ना कमी करायचं. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पटही द्यायचं नाही. आणि फिट आली तर?"

"कांदा..." मी सुरुवात केली.

"कांदा भाजीत घाला. तिला कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान सरकवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल."

पत्र त्यांनी दिलं. तीच वाक्यं त्यात लिहिली, आणि शेवटी लिहिलं की मुलीला शाळेत येऊ द्यावं. वर म्हणाल्या, "पण ते पत्र बंद पाकिटातून नुसतं देऊन येऊ नका. वर्गबाईंना तोंडाने सांगा. मी नसेन तिथे, तुम्ही नसाल, त्या असतील."

रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा त्यातला आकडा असायला हवा त्याच्या बराच वर होता. चार-पाच दिवसांत डोळे शांत झाले, पाय सरळ पडू लागले. नवी बाटली तर दुसऱ्याच दिवशी आली होती. पातेलं जागच्या जागी राहिलं. कागदासकट बाटली मी फडताळात ठेवली, शेजारी भातुकलीतून परत मागून घेतलेलं आणि तीनदा घासलेलं माप. लेकीने बाटली हलवायचं काम स्वतःकडे घेतलं. "मी हलवणार," म्हणाली, आणि इतकी हलवायची की हात दुखेपर्यंत. मी माप डोळ्यांसमोर धरून रेघ बघायची, ती मापाच्या दुसऱ्या बाजूने मला बघायची.

शेजारीण आली, फडताळाकडे बघितलं, कागद वाचला. वाचून होईपर्यंत मी मुद्दाम बोलले नाही.

"हे कशाचं ओ?"

"फिटचं. लेकीला फिट येतात."

"मग ते केशर?"

"नव्हतं."

तिने वाटी खाली ठेवली. "वैनी, तुमी बाजारात गेला आणि माझ्याकडं असली तर मला काय करायचं ते तरी सांगून ठेवा की! मी आपली कांदा नाकाला लावत बसले असते." मग मी तिलाही सांगितलं, कुशीवर, तोंडात काही नाही, घड्याळ. तिने दोनदा म्हणून दाखवलं. शाळेत वर्गबाईंनी ते कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवलं. लेक खिडकीजवळच्या जागेवर परत बसली.

पुढे ती बरीच वर्षं औषधावर होती. बाटलीच्या जागी गोळ्या आल्या, मग डॉक्टरबाईंनीच कित्येक महिने घेत ते हळूहळू उतरवत नेलं. आता ती स्वतः दोन मुलांची आई आहे, आणि माझी रक्तदाबाची गोळी मी नीट घेते की नाही यावर पहारा ठेवते. पण हे सगळं मला आज माहीत आहे. त्या बत्तीस वर्षांच्या बाईला काय माहीत? तिच्यासमोर होता त्या नव्या बाटलीचा सरता पहिला आठवडा. सहावा दिवस, सातवा दिवस. नेहमीचे फिटचे दिवस. आठव्या दिवशी मी दोनदा मीठ घातलं आमटीत. नवव्या दिवशी यजमान म्हणाले, "अगं बस जरा, तुझ्याकडे बघून मलाच चक्कर येतेय."

दहाव्या दिवशी दुपारी लेक खाली आवारात दोरीवरच्या उड्या मारत होती. मैत्रिणी मोठ्याने मोजत होत्या. मी जिन्याच्या पायरीवर उभी, मनगटावर घड्याळ, नजर तिच्या पायांवर. एकतीस, बत्तीस. दोरी अडकली. पुन्हा एकपासून. मी दोन पायऱ्या खाली उतरले. अठरा, एकोणीस. मी आणखी एक उतरले. दोरी पुन्हा अडकली.

"आई!" ती घामाघूम, लाल झालेली, कमरेवर हात. "तू उभी राहतेस म्हणून माझं चुकतंय. जा ना वर!"

"जाते, जाते. तू खेळ."

मी वर गेले. म्हणजे वळणापर्यंत गेले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले, तिला दिसणार नाही अशी. खाली पुन्हा दोरी जमिनीवर आपटायला लागली. एक, दोन, तीन. मी कान देऊन मोजत होते, आणि माझ्याच पायाचा अंगठा दर उडीला पायरीवर आपटत होता. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस.